रग्बी जर्मनीत काल आलेला खेळ नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरावर लेख आला होता. आम्ही नऊ वर्षं याच शहरात राहतो त्यामुळे नाव दिसल्या दिसल्या चहा बाजूला ठेवून वाचायला घेतला, आनंदच झाला खरं तर, आपल्या पेपरात आपलं गाव आल्यासारखं वाटलं. पण त्यात दोन वाक्यं अशी आहेत की लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणजे हॅनोव्हर ९६ हा या शहरातला पहिला फुटबॉल क्लब, आणि दुसरं म्हणजे रग्बी हा खेळ इथे दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैनिकांनी आणला. दोन्ही चूक आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही चुका एकाच क्लबपाशी येऊन मिळतात, ज्याचं नाव लेखात कुठेच नाही. तो क्लब म्हणजे हॅनोव्हर ७८.

माझी मुलगी इथे रग्बी खेळते, वय वर्षं दहा. तिचा क्लब वेगळा आहे, पण मॅचच्या निमित्ताने शहरातल्या सगळ्या मैदानांवर आमची चक्कर होते. मोठ्या फुटबॉल स्टेडियमच्या भागात एक रस्ता आहे, फर्डिनांड-विल्हेल्म-फ्रिके-वेग. पहिल्यांदा तिथून गेलो तेव्हा पाटी वाचून लेकीने विचारलं, आई हे कोण होते, राजा होते का? मला माहीत नव्हतं. मला वाटलं कुणी जनरल नाहीतर मंत्री असेल, रस्त्यांना नावं त्यांचीच देतात ना. घरी येऊन शोधलं, मग शेजारच्या आजोबांना विचारलं (हे आजोबा तरुणपणी लिंडन भागातल्या एका टीममध्ये रग्बी खेळलेत, आता ऐंशीच्या घरात आहेत) आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलाच नाही.

फ्रिके हा शाळेतला मुलगा होता. १८६३चा जन्म, आणि १४ सप्टेंबर १८७८ला त्याने क्लब काढला, म्हणजे वय पंधरा. नाव ठेवलं डॉइचर फुसबाल-फेराइन हॅनोव्हर फॉन १८७८, म्हणजे हॅनोव्हरचा जर्मन फुटबॉल क्लब, हाच आजचा हॅनोव्हर ७८. यातला 'जर्मन' हा शब्द उगाच नाही. त्या काळात या शहरात इंग्लिश मुलं भरपूर होती, कारण १७१४ ते १८३७ हॅनोव्हर आणि ब्रिटन यांचा राजा एकच होता, जाणंयेणं जुनं होतं, शिवाय सगळ्यात शुद्ध जर्मन हॅनोव्हरला बोलतात अशी ख्याती असल्यामुळे इंग्लिश घरातले लोक पोरांना भाषा शिकायला इथे पाठवायचे. ती पोरं येताना बॉल घेऊन आली. जर्मन पोरांनी बघितलं, खेळून पाहिलं, आणि मग फ्रिकेच्या मनात आलं असणार की हा आपलाही क्लब असायला हवा. इंग्लिश लोकांचे क्लब जर्मनीत आधीपासून होते, ड्रेस्डेनला १८७४मध्येच होता, पण जर्मन मुलांनी स्वतःसाठी काढलेला आणि आजपर्यंत टिकलेला सगळ्यात जुना क्लब हा.

आता लेख लिहिणाऱ्याचा घोळ कुठे झाला असेल ते मला वाटतं मला समजलंय. नावात फुसबाल आहे पण खेळ रग्बीचा. १८७८ साली फुटबॉल म्हटलं की त्यात दोन्ही खेळ यायचे, पायाने खेळायचा तोही फुटबॉल आणि हातात घेऊन पळायचा तोही फुटबॉलच. इंग्लंडमध्ये दोघांच्या संघटना वेगळ्या झाल्या होत्या, फुटबॉलवाल्यांची १८६३ची आणि रग्बीवाल्यांची १८७१ची, पण जर्मनीत ही वाटणी व्हायला अजून बराच वेळ होता. शेजारच्या ब्राउनश्वाइगला कोनराड कोख नावाचे मास्तर १८७४पासून शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवत होते, जर्मन फुटबॉलचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात, त्यांचे सुरुवातीचे नियम काढून बघा, बॉल हातात घ्यायला परवानगी आहे! म्हणजे ज्याला आपण जर्मन फुटबॉलची सुरुवात म्हणतो ती बऱ्यापैकी रग्बीची सुरुवात आहे.

आणि हे सगळं सोपं नव्हतं हो. त्या वेळी जर्मनीत खेळ म्हणजे टुर्नेन, म्हणजे रांगेत उभं राहून शिस्तीत केलेला व्यायाम, बार, रिंगा, दोरी. बॉलमागे धावणं, चिखलात एकमेकांच्या अंगावर पडणं हे मास्तर लोकांना असभ्य वाटायचं, इंग्लिश रोग म्हणायचे त्याला. अशा वेळी पंधरा वर्षांच्या पोराने वीस-तीस मुलं गोळा करायची, मैदान शोधायचं, लंबगोल बॉल मिळवायचा, तोही तेव्हा आत डुकराचं ब्लॅडर असलेला, आणि आईवडील नि शाळा यांच्याकडून बोलणी खायची. इंटरनॅशनल मॅचमध्ये एका बाजूला वीसऐवजी पंधरा खेळाडू हा बदल १८७७लाच झालेला, म्हणजे नियम खुद्द इंग्लंडमध्येच अजून बसत होते आणि इकडे हे पोरगं क्लब काढतंय. मला स्वतःला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं, माझी मुलगी पाच वर्षांनी त्याच वयाची होईल म्हणून असेल कदाचित.

आता हॅनोव्हर ९६कडे येते, कारण तुमच्या लेखाचा हिरो तो आहे. ९६ची स्थापना १२ एप्रिल १८९६ची, म्हणजे ७८च्या साडेसतरा वर्षांनंतरची, आणि ती झाली याच फ्रिकेंच्या सांगण्यावरून. सुरुवातीला ९६वाले काय खेळायचे माहितीये का, रग्बी आणि ॲथलेटिक्स. १८९९च्या सुमारास त्यांनी पायाचा फुटबॉल धरला आणि मग तो क्लब कुठल्या कुठे गेला, आज हजारो माणसं मॅचला येतात. मी ९६च्या विरोधात अजिबात नाही, आमच्या घरात त्यांचा स्कार्फ आहे, नवरा दर मॅचला ओरडून घसा बसवून घेतो. पण धाकट्या भावाचं कौतुक करताना थोरल्याचं नावच गाळायचं हे बरोबर नाही, आणि इथे तर धाकटा थोरल्याच्या शब्दावरून जन्माला आलाय.

वाटणी झाली ती १९०० साली. जानेवारीत लाइपझिगला फुटबॉल संघटना म्हणजे डीएफबी स्थापन झाली, आणि ४ नोव्हेंबरला कासेलला रग्बीवाल्यांनी आपली वेगळी संघटना काढली, डॉइचर रग्बी-फेरबांड. या दोन्हीच्या मध्ये एक गोष्ट घडली जी आपल्याकडे कुणालाच ठाऊक नसते. १४ ऑक्टोबर १९००, पॅरिस ऑलिम्पिक, रग्बी. जर्मनीकडून गेली फ्रांकफुर्टच्या १८८०वाल्या क्लबची टीम, सोबत हायडेलबर्ग आणि स्टुटगार्टचे थोडे खेळाडू. फ्रान्सकडून २७-१७ने हरले, पण स्पर्धेत टीमच तीन, ब्रिटनची टीमही फ्रान्सकडून हरली आणि जर्मनी-ब्रिटन मॅच झालीच नाही, म्हणून दोघांनाही रौप्य. म्हणजे जर्मनीच्या नावावर रग्बीचं ऑलिम्पिक सिल्व्हर आहे, आणि ते राष्ट्रीय संघटना जन्मायच्या तीन आठवडे आधीचं. महायुद्धानंतर सैनिकांनी आणलेल्या खेळाचं १९००मध्ये पदक कसं काय मिळेल, एवढा साधा प्रश्न छापण्याआधी कुणीतरी विचारायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

पुढे १९०९ला पहिली जर्मन चॅम्पियनशिप झाली, ती स्टुटगार्टच्या एफव्ही ९३ने जिंकली. या क्लबचं नाव वाचकांना ओळखीचं वाटणार नाही पण १९१२ला तो दुसऱ्या एका क्लबमध्ये मिसळला आणि त्याचा झाला व्हीएफबी स्टुटगार्ट, तो सगळ्यांना माहीत आहे, बुंडेसलिगा म्हणजे जर्मनीच्या वरच्या लीगमधला. बघा म्हणजे अजून एक मोठा फुटबॉल क्लब ज्याच्या मुळाशी रग्बी आहे. मी जसजशी शोधत गेले तसतसं हे सारखं सापडत गेलं, फुटबॉलची भिंत जरा खरवडली की खाली रग्बीचा रंग निघतो.

हॅनोव्हरमध्ये मात्र रग्बी राहिला, आणि नुसत्या ७८मध्ये नाही. लिंडन, रिकलिंगन, लिस्ट असे वेगवेगळे भाग, प्रत्येकाचा आपला क्लब. यातलं लिंडन म्हणजे कारखान्यांचं, कामगारांचं, आधी स्वतंत्र शहरच होतं ते. शाळेतल्या मुलांनी सुरू केलेला खेळ तिथे पोचला आणि तिथल्या व्हिक्टोरिया लिंडनने पुढे २० वेळा जर्मन चॅम्पियनशिप मारली, कुठल्याच क्लबची इतकी नाहीत. दुसरं टोक म्हणजे हायडेलबर्ग, तिथे नेकार नदीकाठी रोइंग क्लबांमध्ये हा खेळ वाढला, इंग्लिश विद्यार्थ्यांमुळेच. जर्मन रग्बी म्हणजे वर्षानुवर्षं उत्तरेत हॅनोव्हर आणि दक्षिणेत हायडेलबर्ग, फायनलला एक इकडची टीम नि एक तिकडची. आजोबा हायडेलबर्गचं नाव निघालं की अजून सावरून बसतात.

दोन युद्धांच्या मधला काळ खेळाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा. १९२७ला जर्मनी पहिल्यांदा फ्रान्सशी खेळली, एप्रिलमध्ये पॅरिसला चांगलीच हरली आणि महिन्याभरात फ्रांकफुर्टला १७-१६ने जिंकली. १९३१मध्ये ब्रिटिश देशांनी फ्रान्सशी खेळणं बंद केलं, मग फ्रान्सला खेळायला कोणीतरी हवं होतं, १९३४ला जर्मनी, इटली, रोमानिया वगैरेंना घेऊन युरोपची वेगळी संघटना निघाली. १९३८ला जर्मनीने फ्रान्सला परत हरवलं, ३-०. आजच्या रग्बीच्या जगात फ्रान्स कुठे नि जर्मनी कुठे हे ज्यांना माहीत आहे त्यांना या आकड्याचं मोल कळेल.

पण १९३८ हे साल लिहिताना नुसता स्कोअर लिहून पुढे जाता येत नाही. १९३३नंतर ज्यू खेळाडूंना जर्मनीतल्या क्लबांतून बाहेर काढलं गेलं, सगळे खेळ सरकारच्या मुठीत गेले, रग्बीसुद्धा. हॅम्बुर्ग इथून ट्रेनने दीड तासावर, तिथली एक गोष्ट सांगते. ओटो आणि पाउल लांग हे दोन ज्यू भाऊ, रग्बी खेळणारे. १९३३ला त्यांना आपल्या जुन्या क्लबमधून निघावं लागलं आणि मग एफसी सांक्ट पाउलीमध्ये त्यांनी रग्बीचा विभाग सुरू केला. ज्या वर्षी सगळी दारं बंद होत होती त्याच वर्षी! पुढे त्यांनाही तिथे राहता आलं नाहीच. ओटो बेल्जियमला गेले, पाउलना शेवटी शेवटी नाझींच्या तेरेझिनच्या कॅम्पमध्ये नेलं, ते वाचले. त्यांनी सुरू केलेला विभाग मात्र आजही खेळतो, बायकांच्या टीमने तर कितीतरी वेळा जर्मन चॅम्पियनशिप जिंकली, आणि क्लबने दोघा भावांच्या नावाची पाटी लावली आहे. क्लबचा इतिहास लिहायचा तर हेही पान त्यात पाहिजे, नुसते कप मोजून तो पुरा होत नाही.

युद्धाने तर खेळाडूंची पिढीच नेली. शेवटची इंटरनॅशनल मे १९४० मध्ये इटलीशी, त्यानंतर थेट युद्ध संपल्यावर. हॅनोव्हरवर ऑक्टोबर १९४३च्या एका रात्रीत इतके बॉम्ब पडले की शहराचा मधला भाग जवळजवळ उरलाच नाही. आजोबा तेव्हा अगदी लहान. त्यांना आठवतं ते नंतरचं, ढिगारे, ढिगाऱ्यांवर खेळणारी पोरं, मग एक दिवस तेच ढिगारे गाड्यांतून भरून नेले आणि त्यांच्यावर स्टेडियम उभं राहिलं, १९५४ला. हो, ज्या स्टेडियममध्ये ९६ खेळतं आणि ज्याचा फोटो तुम्ही छापलात, त्याच्या प्रेक्षकांच्या पायऱ्या या शहरातल्या पडलेल्या घरांवर उभ्या आहेत.

ब्रिटिश सैनिकांचा मुद्दा इथे येतो, आणि तुमच्या लेखकाला तो कुठून मिळाला तेही लक्षात येतं. हा भाग युद्धानंतर ब्रिटिशांच्या ताब्यात होता, सैनिक होते, त्यांच्या रग्बी टीम होत्या आणि इथले क्लब त्यांच्याशी खेळायचे. आजोबा स्वतः खेळलेत. ते सांगतात पहिल्यांदा मैदानात उतरताना पोटात गोळा आला होता, काही वर्षांपूर्वीचे शत्रू समोर, वजनाने दुप्पट, आणि मॅच झाल्यावर त्याच लोकांनी त्यांना खांद्याला धरून जेवायला बसवलं. इथे त्याला तिसरा हाफ म्हणतात, मॅच संपली की दोन्ही टीमनी एकत्र बसायचं, खायचं प्यायचं, हे चुकवायचं नाही. पण संपादक साहेब, ते सैनिक आले तेव्हा इथला क्लब सदुसष्ट वर्षांचा होता. त्यांनी खेळ आणला नाही, त्यांना इथे खेळणारे भेटले.

भाषेतसुद्धा बघा ना. जो खेळ बाहेरून नुकताच आला असेल त्याचे शब्दही बाहेरचेच असतात. इथे स्क्रमला (दोन्ही टीम वाकून एकमेकांना रेटतात तो) गेड्रेंग म्हणतात म्हणजे रेटारेटी, लाइनआउटला (बॉल बाहेर गेला की दोन रांगांच्या मध्ये फेकतात तो) गासं म्हणजे गल्ली, आणि ट्रायला (बॉल गोलरेषेपलीकडे टेकवणं) फेरझूख, सरळ अर्थ प्रयत्न. माझ्या लेकीने विचारलं होतं की बॉल टेकवला, पॉइंट मिळाले, तरी प्रयत्न कशाला म्हणायचं, झालं की आता! त्याचं उत्तर जुन्या नियमात आहे. पूर्वी बॉल पलीकडे टेकवण्याचे पॉइंटच नव्हते, त्याने फक्त गोलवर किक मारून बघायचा हक्क मिळायचा, पॉइंट त्या किकचा. नियम बदलला, शब्द तसाच राहिला. फ्रिकेची पोरं खेळायची तेव्हा हा शब्द अगदी खरा होता.

१९७१ला रग्बीची बुंडेसलिगा सुरू झाली. ७८नेही जर्मन चॅम्पियनशिप अनेकदा जिंकली आहे. राष्ट्रीय संघटनेचं ऑफिस कितीतरी वर्षं याच फ्रिके-वेगवर होतं. अलीकडे पारडं हायडेलबर्गकडे झुकलं, तिथे हान्स-पेटर विल्ड या उद्योगपतींनी, कॅप्री-सनवाले ते, २००७पासून पैसा ओतला, अकॅडमी काढली, आणि तिथला रुडरक्लब (म्हणजे रोइंग क्लब, पण रग्बी खेळणारा) २०१० ते २०१५ सलग चॅम्पियन झाला. मग २०१७ला विल्डनी पॅरिसचा स्टाद फ्रान्से हा रग्बी क्लब घेतला आणि पुढच्या वर्षी हायडेलबर्गला युरोपियन चॅलेंज कपमध्ये प्रवेश मिळाला नाही, कारण एकाच मालकाच्या दोन टीम एका स्पर्धेत नकोत. पोरांनी मैदानात कमावलेली जागा होती ती, वाईट वाटलं मला. पैसा आल्याने खेळ सुधारला हे खरं आहे, राष्ट्रीय टीमने २०१७ला रोमानियाला ४१-३८ हरवलं तेव्हा आम्ही घरात नाचलो होतो. पण एका माणसावर उभा असलेला क्लब त्या माणसाच्या मर्जीवर चालतो.

म्हणून मला ७८ जास्त जवळचा वाटतो. तो फेराइन आहे, म्हणजे सभासदांचा. सभासद वर्गणी भरतात, वर्षातून एकदा सभा होते, हात वर करून कमिटी निवडतात, आणि मैदान आखणं, जर्सी धुणं, लहान पोरांना शिकवणं हे नोकरी सांभाळून संध्याकाळी लोकच करतात, बिनपैशाचं. मालक कोण म्हणून विचारलंत तर सगळेच. राज्य बदललं, सम्राट गेला, दोन युद्धं झाली, पैशाची किंमत दोनदा शून्य झाली आणि दर वेळी कुणीतरी परत जाऊन मैदान आखलं. जिंकलेले कप तुम्हाला आकड्यांत मिळतील, हे मैदान आखणारे कुठल्याच तक्त्यात मिळणार नाहीत, आणि माझ्या मते क्लबचा इतिहास खरा त्यांचा आहे.

माझी विनंती एवढीच की ती दोन वाक्यं दुरुस्त करून छापा, कोपऱ्यात नको, क्रीडा पानावरच. आपल्याकडे कितीतरी शाळकरी पोरं रग्बी खेळू लागली आहेत, त्यांना कळू दे की एका परक्या शहरात हा खेळ त्यांच्याच वयाच्या मुलाने रुजवला. आणि तुमचा प्रतिनिधी फुटबॉलसाठी परत हॅनोव्हरला आला तर त्याला स्टेडियमवरून तसाच पुढे फ्रिके-वेगला पाठवा, शनिवारी मॅच असते, आजोबा आणि मी दोघंही असतो, मैदान दाखवू, सगळं सांगू, आणि तिसऱ्या हाफला बसवूनच सोडू.

आपली नियमित वाचक,
हॅनोव्हर, जर्मनी